पावकी ते पॉइंट : दशमान अंकांची चित्तरकथा

मंडळाच्या कार्यक्रमात वर्षातून एकदा तरी कुणीतरी माइकवरून सांगतंच, की जगाला शून्य आपण दिलं, दशमान पद्धत आपण दिली. टाळ्या पडतात. मीही वाजवतो, वाजवायलाच हव्यात. पण सनीव्हेलमध्ये दर रविवारी मराठी शाळेत मुलांना शिकवायला बसलं की टाळ्यांवर भागत नाही. मध्यंतरी एका मुलीनं विचारलं, "काका, डेसिमल आपण शोधलं ना? मग पॉइंटला मराठीत काय म्हणतात?" मी सांगितलं, "दशांश चिन्ह." ती म्हणाली, "माझी आजी असं कधीच म्हणत नाही. टू पॉइंट फाइव्हला ती अडीच म्हणते."

आजीचं बरोबर आहे. 'दशांश चिन्ह' हा पाठ्यपुस्तकातला शब्द. स्वयंपाकघरात, बाजारात, पंचांगात तो कधी शिरलाच नाही. तिथे राज्य सव्वा, दीड, अडीच, पावणेतीनचं. मग आपण जगाला दिलं ते नक्की काय? इंग्रजीत 'डेसिमल' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. मराठीत त्यांना दोन वेगळी नावं आहेत. एक दशमान पद्धत, म्हणजे दहा चिन्हांत कितीही मोठी संख्या लिहिण्याची युक्ती. दुसरी दशांश अपूर्णांक, म्हणजे तीच युक्ती एककाच्या उजवीकडे, एकाहून लहान संख्यांसाठी चालवणं. पहिली भारतात दीड हजार वर्षांपूर्वी रुजली. दुसरी आपल्या बाजारात आली ती १ एप्रिल १९५७ रोजी. मधल्या काळात आपण काय करत होतो, ती गोष्ट मला टाळ्यांइतकीच मोलाची वाटते.

सुरुवात घरापासूनच करू. जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट तुमच्यापैकी अनेकांनी पावसाळ्यात पाहिला असेल. घाटाच्या माथ्यावर लेणं आहे आणि त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. राजघराण्यानं यज्ञ केले, दक्षिणा दिली, त्याची ही यादी. गाई किती, घोडे किती, कार्षापण नाणी किती. भारतातल्या जुन्यात जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत या भिंतीची गणना होते. हे अंक वाचण्याचं मोठं काम केलं भगवानलाल इंद्रजी यांनी. १८७६ साली त्यांचा या अंकांवरचा निबंध मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

त्या भिंतीवर २४,४०० ही संख्या आहे. पण आपण लिहितो तशी नाही. हजारासाठी एक चिन्ह, त्याला विसाचं चिन्ह जोडलं की वीस हजार. पुन्हा हजाराच्या चिन्हाला चार जोडले की चार हजार. मग शंभराचं वेगळं चिन्ह, त्याला चार जोडले की चारशे. झालं. शून्य नाही आणि शून्याची गरजही नाही, कारण कुठलं चिन्ह कुठे उभं आहे याला महत्त्व नाही. दहाला वेगळं चिन्ह, विसाला वेगळं, शंभराला वेगळं. मोजणी दहादहानंच आहे, पण ते स्थानमूल्य नव्हे. हा फरक मुलांना समजावताना मी रंगमंचाचं उदाहरण देतो. नाणेघाटात प्रत्येक पात्राला वेगळा नट. स्थानमूल्यात तेच दहा नट सगळं नाटक करतात, कोण कुठे उभा आहे त्यावरून तो शिपाई की राजा ते ठरतं. आणि एखादी जागा रिकामी असेल तर ती रिकामी आहे हे दाखवायलाही एक नट लागतो. तो नट म्हणजे शून्य.

ही युक्ती एका दिवसात कुणा एकाला सुचली नाही. ४९९ मध्ये आर्यभटानं प्रत्येक स्थान आधीच्याच्या दहापट असतं हे स्पष्ट सांगितलं आहे. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानं शून्याशी बेरीज-वजाबाकी-गुणाकार कसे करायचे त्याचे नियम दिले. ६६२ साली सिरियातला ख्रिस्ती बिशप सेव्हेरस सेबोख्त हिंदूंच्या नऊ चिन्हांची स्तुती करतो. म्हणजे कीर्ती तोवर तिथे पोचली होती. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात ८७६ सालच्या लेखात २७० आणि ५० हे आकडे अगदी आपल्या पद्धतीनं, शून्यासकट कोरलेले आहेत. एका बागेची लांबी आणि रोज देवाला द्यायच्या हारांची संख्या. कंबोडियात मात्र त्याआधीचं, शके ६०५ म्हणजे इसवी सन ६८३ मधलं शून्य दगडावर सापडलं आहे, ठिपक्याच्या रूपात. ऑक्सफर्डमध्ये असलेल्या बखशाली हस्तलिखिताच्या भूर्जपत्रांची २०१७ मध्ये कार्बन चाचणी झाली. एक पान तिसऱ्या-चौथ्या शतकातलं निघालं, दुसरी पानं आठव्या आणि नवव्या-दहाव्या शतकांतली! एकाच पोथीची पानं इतक्या अंतराची कशी, यावर विद्वानांचं भांडण सुरू झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र फक्त 'तिसऱ्या शतकातलं शून्य' एवढंच फिरलं. असो.

बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीनं नवव्या शतकात या अंकांवर पुस्तक लिहिलं, पिसाच्या लिओनार्दोनं, म्हणजे फिबोनाचीनं, १२०२ मध्ये ते युरोपच्या व्यापाऱ्यांपुढे ठेवले, वगैरे भाग सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी ते आपल्याकडून घेतले हे त्यांनीच लिहून ठेवलंय. आपली राज्यघटना तर कलम ३४३ मध्ये या १, २, ३ च्या इंग्रजी रूपांना 'भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप' म्हणते. पुण्यातल्या रिक्षाच्या मीटरवर जे असतात ते आपलेच, परदेशी जाऊन कपडे बदलून आलेले. इथल्या आपल्या मुलांसारखे म्हणा ना.

आता आपल्या खानदेशात या. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात एक शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यानं इथे मठ काढला, त्याला १२०७ मध्ये दानं मिळाली, त्याची ही नोंद. लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत, आणि त्यांत मठाला मिळायच्या वाट्यांचा तपशील आहे. वंशाची थोरवी संस्कृतात आणि हिशेब मराठीत. ही वाटणी मला फार आवडते.

भास्कराचार्यांची लीलावती ११५० ची. तिच्यात एक, दश, शत, सहस्रपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत, प्रत्येक आधीच्याच्या दहापट. पण त्याच्याही आधी, अगदी आरंभी, काय आहे ठाऊक आहे? नाण्यांचं कोष्टक. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. ज्या माणसाच्या हातात दहाची पद्धत इतकी पक्की होती, त्याचा बटवा मात्र वीस, चार आणि सोळावर चालत होता.

त्याच ग्रंथातलं एक उदाहरण बघा. काटकोन त्रिकोणाच्या दोन्ही बाजू सव्वातीन. कर्ण किती? वर्ग करून बेरीज केली की १६९ छेद ८ येतात. याचं वर्गमूळ बरोबर निघत नाही. मग आचार्य काय करतात? अंश-छेदांचा गुणाकार करून १३५२, त्याला दहा हजारांनी गुणून १,३५,२०,००० आणि त्याचं वर्गमूळ जवळजवळ ३,६७७. दहा हजारांनी गुणल्यामुळे उत्तर शंभरपट झालंय, म्हणून आठ गुणिले शंभर, म्हणजे आठशेनं भागायचं. उत्तर ४ पूर्णांक ४७७ छेद ८००. कॅल्क्युलेटरवर करून पाहा. भास्कराचार्यांचं उत्तर ४.५९६२५, कॅल्क्युलेटरचं ४.५९६१९. चार दशांश स्थळांपर्यंत जवळजवळ तंतोतंत!

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ तिथेच थांबलो. दहा हजारांनी गुणणं आणि शेवटी शंभरानं भागणं म्हणजे दोन दशांश स्थळं उजवीकडे सरकणंच की! म्हणजे दशांश अपूर्णांकाच्या दारात आचार्य उभे होते, कडीला हात लागलेला होता. पण उत्तर लिहिताना ते पुन्हा छेदाकडे वळले. का? कारण त्यांना चिन्हाची गरजच नव्हती. अपूर्णांक लिहायची त्यांची रीत, वर अंश आणि खाली छेद, उत्तम चालत होती. आणि बाजारात कुणी दशांशात भाव सांगत नव्हतं.

ते दार उघडलं दमास्कसमध्ये. आणि गंमत पाहा, ज्या पुस्तकात उघडलं त्याचं नावच हिंदी, म्हणजे भारतीय, अंकगणिताचे अध्याय असं आहे. अल-उक्लिदिसी नावाच्या गणितीनं ९५२ मध्ये ते लिहिलं. म्हणजे भास्कराचार्यांच्याही दोनशे वर्षं आधी. त्यात तो एखाद्या संख्येचं अर्ध, पुन्हा अर्ध करत जातो आणि एककाच्या स्थानावर छोटी रेघ मारून उजवीकडे दशांश लिहितो. आपल्या अंकांचा हा पुढचा टप्पा आपल्या अंकांवरच्या पुस्तकात, पण आपल्या घराबाहेर पडला. चिन्यांकडेही कांड्यांच्या गणितात दशांशांची कल्पना होती. समरकंदच्या अल-काशीनं १४२७ मध्ये ती पद्धतशीर मांडली. युरोपात प्रत्यक्ष ठिपका वापरणारा पहिला माणूस कोण, यावर २०२४ मध्ये नवं संशोधन आलं: व्हेनिसचा व्यापारी-ज्योतिषी जोव्हान्नी बियांकीनी, १४४० च्या दशकात.

पण घरोघरी पोचवलं ते फ्लेमिश अभियंता सायमन स्टेव्हिननं. १५८५ मध्ये त्यानं लायडनमध्ये दशांशांवर छोटी पुस्तिका छापली, ज्योतिषी, जमीन मोजणारे, कापड मोजणारे अशांसाठी. शेवटी त्यानं सुचवलंय, की नाणी आणि मापंसुद्धा दहाच्या हिशेबात करावीत. तिच्या फ्रेंच आवृत्तीत दहाव्या भागाला 'डिस्म' म्हटलं होतं. १७९२ मध्ये अमेरिकेनं दशमान नाणी पाडायचा कायदा केला, तेव्हा दहा सेंटच्या नाण्याचं नाव 'डिस्म' ठेवलं. त्याचंच पुढे 'डाइम' झालं. खिशातलं डाइम काढून बघा. त्यावर दहाचा आकडा कुठेच नाही, फक्त 'वन डाइम'. एक दशांश.

आता मधली कथा. स्टेव्हिननंतर तीनशे-साडेतीनशे वर्षं महाराष्ट्र कसा मोजत होता?

माझ्या वयाच्या वाचकांना पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही नावं ऐकूनच छडी आठवेल. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत मी ती संध्याकाळी, दिवेलागणीला, ओरडून म्हटली आहेत. साध्या पाढ्यांसारखेच हे पाढे, फक्त पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि औट यांचे. औट म्हणजे साडेतीन. सात अडीच साडेसतरा, पाच औटही साडेसतरा. हे शब्द कुठून आले तेही सुंदर आहे. सव्वा म्हणजे सपाद, पाव भागासह. पाऊण म्हणजे पादोन, पावानं उणा. अडीच म्हणजे अर्धतृतीय, तिसरा अर्धाच आहे असा. औट म्हणजे अर्धचतुर्थ, चौथा अर्धा. औट घटकेचं राज्य आपण आजही म्हणतो, पण औट म्हणजे किती हे विचारलं तर पन्नाशीखालचा माणूस गप्प होतो. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं, पेशवाईतले साडेतीन शहाणे! आपल्या भाषेला पूर्ण चारपेक्षा साडेतीनाचीच ओढ फार.

हा नुसता पाठांतराचा छळ होता असं वाटतं, पण त्यात व्यवहार होता. मण म्हणजे चाळीस शेर, रुपया म्हणजे सोळा आणे. सोळाला चाळिसानं भागलं की दोन पंचमांश. म्हणजे एका आण्याला अडीच शेर. म्हणून जितके रुपये मण, तितके आणे अडीच शेर. धान्य अठरा रुपये मण असेल तर अडीच शेराला अठरा आणे, म्हणजे एक रुपया दोन आणे. कागद नको, पेन्सिल नको. दुकानदाराच्या डोक्यात अडीचकी असली की झालं.

आणि लिहायची पद्धत! उभी रेघ म्हणजे पाव. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. आण्यांसाठी आडव्या किंवा तिरप्या रेघा: एक रेघ एक आणा, दोन दोन आणे, तीन तीन आणे, चौथा आणा झाला की त्याची उभी रेघ, म्हणजे पावली. पाच रुपये दहा आणे लिहायचे तर ५॥=. जुन्या मराठी पुस्तकांच्या मलपृष्ठावर किंमत अशीच छापलेली असे. दशांश चिन्ह नाही, पण नीट बघितलं तर इथेही स्थानमूल्याचीच बहीण आहे: चाराच्या हिशेबातली. चार आडव्यांची एक उभी, चार उभ्यांचा एक रुपया. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

१९५५ मध्ये नाणेकायदा बदलला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. जुना रुपया सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा, एकशे ब्याण्णव पैंचा. नव्या पैशावर 'रुपये का सौवाँ भाग' असं छापलेलं असे, म्हणजे नाणंच शिकवणी घेत होतं. अडचण एवढीच, की आणा बरोबर सव्वासहा नव्या पैशांचा होतो. सरकारी कोष्टकात एका आण्याचे सहा, दोनांचे बारा, तिनांचे एकोणीस, चारांचे पंचवीस. आमच्या गावच्या एका दुकानात आणा दिला तर सहा नव्या पैशांचा माल मिळे, पण एका आण्याची वस्तू नव्या पैशांत घ्यायला गेलं की सात मागत. 'सव्वासहाचं नाणं आण, मग सव्वासहा घेतो,' हे वर ऐकवत. पाव पैशाची ही भांडणं वर्षभर तरी चालली. 'नवा' हा शब्द १९६४ मध्ये नाण्यावरून गेला. शेर-मण-तोळा जाऊन किलो-ग्रॅम यायलाही साधारण तोवरचा काळ लागला. आणि पाठोपाठ पावकी-निमकी शाळेतून गेली. कुणी बंदी घातली नाही. गरज संपली, एवढंच.

इथे अमेरिकेत आल्यावर मात्र मला आण्यांची पुन्हा गाठ पडली, आणि तीही शेअर बाजारात! डॉलर १७९२ पासून दशमान, पण शेअरचे भाव आठव्या भागांत, पुढे १९९७ पासून सोळाव्या भागांत. कारण स्पॅनिश डॉलर. त्याचे आठ तुकडे होत. एका तुकड्याला 'बिट' म्हणत, म्हणून पंचवीस सेंटना जुने लोक 'टू बिट्स' म्हणतात. आपली पावलीच. डॉट-कॉमच्या दिवसांत इथल्या ऑफिसांत सगळ्यांचं एक डोळा कोडवर आणि एक शेअरच्या भावावर असे. बहात्तर पूर्णांक पाच सोळांश असा भाव दिसला की मला तो बहात्तर रुपये पाच आणे असाच वाचता येई. एक सोळांश डॉलर म्हणजे सव्वासहा सेंट. तोच आणा, तेच सव्वासहा! न्यूयॉर्कचा बाजार जानेवारी २००१ मध्ये आणि नॅस्डॅक ९ एप्रिल २००१ पर्यंत पूर्णपणे दशांशात गेला. आपल्या नव्या पैशानंतर चव्वेचाळीस वर्षांनी. मला तरी तो दिवस थोडा हुरहुर लावून गेला. सुतारकामाचं माप घ्यायची टेप मात्र अजून सोळांशातच आहे, आणि एल कमिनो रिअलवरच्या पेट्रोलपंपांवर भावाच्या शेपटीला नऊ दशांश सेंट लटकलेला असतोच.

आता आपल्या खोऱ्याचा खरा मुद्दा. इथे ज्या चिप्स घडल्या त्या दहात नव्हे, दोनात मोजतात. एएमडी १९६९ मध्ये सनीव्हेलमध्ये सुरू झाली. १९७७ मध्ये तिनं एएम९५११ ही चिप आणली, अपूर्णांकांचं गणित स्वतः करणारी, त्या काळी नवलाईची. अशा चिपला अपूर्णांक कसा दिसतो? अर्धा, पाव, अर्धपाव, आणा, अर्धा आणा... दर पायरीला निम्मं. म्हणजे सव्वा तिला बरोबर कळतो: १.०१. अडीच बरोबर कळतो: १०.१. पावणेतीन १०.११. जुना पैसा, म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग, तोही बिनचूक. मघाची ५॥= ही किंमत घ्या. पाच द्विमानात १०१. दोन उभ्या रेघा, दोन म्हणजे १०. दोन आडव्या, पुन्हा १०. ओळीनं लिहा: १०१.१०१०. झालं रूपांतर! वहीतली रेघ आणि चिपमधला अंक यांच्यात मध्ये काहीच करावं लागत नाही. (पै मात्र नाही जमत, तिच्यात तीननं भागणं आहे.)

आणि एक दशांश? तो चिपला कधीच बरोबर सांगता येत नाही. आपल्याला एक तृतीयांश ०.३३३... असा संपत नाही, तसा तिला एक दशांश संपत नाही. म्हणून कॉम्प्युटरला ०.१ आणि ०.२ ची बेरीज विचारली, तर बऱ्याच भाषांत उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. नव्या प्रोग्रॅमरला हा बग वाटतो. बर्कलीच्या विल्यम काहान यांच्या पुढाकारानं १९८५ मध्ये ठरलेल्या प्रमाणानुसारच हे घडतं.

एरवी हे हसण्यावारी न्यावं, पण २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियात दाहरानला ते जिवावर बेतलं. पेट्रियट क्षेपणास्त्राच्या यंत्रणेतलं घड्याळ एक दशांश सेकंदात मोजत होतं, आणि तो एक दशांश चोवीस बिटांत छाटलेला होता. प्रत्येक ठोक्याला चूक नगण्य, एका सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग. यंत्रणा शंभर तास सलग चालली आणि चूक सुमारे ०.३४ सेकंदांवर गेली. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. ते अडवलं गेलं नाही, अठ्ठावीस सैनिक मेले. घड्याळ आठव्या किंवा सोळाव्या भागात मोजत असतं, म्हणजे आण्यात, तर ही विशिष्ट चूक झालीच नसती.

कॅल्क्युलेटरवाल्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. १९७१ ची इंटेलची ४००४ चार बिटांची होती, कारण ती जपानी कॅल्क्युलेटरसाठी बनली आणि चार बिटांत एक दशमान अंक मावतो. एचपीचा १९७२ चा एचपी-३५ आतूनही दहातच मोजे. बँकांची जुनी सॉफ्टवेअरं तसंच करतात. २००८ मध्ये त्या प्रमाणातही अखेर दशमान संख्यांची सोय झाली. थोडक्यात, माणसाच्या दहा बोटांसाठी यंत्राला वाकावं लागलं.

मराठी शाळेत माझा वेळ मात्र यापेक्षा साध्या ठिकाणी जातो. मुलं अंक सहज लिहितात, म्हणता येत नाहीत. पंचवीस लिहिताना आधी दोन, म्हणताना आधी पाच. एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक उणा, पण लिहायचे चार आणि नऊ. आणि नव्याण्णवला हा नियम अचानक रजेवर. स्थानमूल्य लिहिण्यात आलं, बोलण्यात आलं नाही. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असंही म्हणता येईल असं दिलं, आणि महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांमुळे लहान मुलांना गणिताची धास्ती बसू नये, एवढाच त्यांचा उद्देश. मी त्या वेळी त्यांच्या बाजूनं होतो आणि आहे. आमच्या वर्गात 'वीस सात' चालतं, दिवाळीपर्यंत. त्यानंतर सत्तावीस. पण सव्वा, दीड, अडीचला माझ्याकडे सवलत नाही. 'एक पॉइंट पाच' म्हणणाऱ्याला पोळीचा तुकडा हातात देऊन विचारतो, दीड पोळी खाणार की एक पॉइंट पाच?

शेवटी एक विनंती. पाव-आण्याच्या त्या उभ्या-आडव्या रेघांना २००९ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. युनिकोडचा पत्ता त्या वेळी आपल्या शेजारच्या माउंटन व्ह्यूचाच होता. म्हणजे आता ५॥= कॉम्प्युटरवर रीतसर लिहिता येतं. पण मुलांना दाखवायला अस्सल नमुने हवेत. तुमच्यापैकी कुणाच्या घरी, इथे किंवा देशात, आजोबा-पणजोबांची रोजकीर्द, खतावणी, किराण्याची यादी, मोडीत असो की बाळबोधीत, शिल्लक असेल, तर एका पानाचा फोटो काढून मंडळाच्या मराठी शाळेकडे पाठवा. शाईनं रेघा कशा ओढल्या आहेत ते स्पष्ट दिसेल असा, आणि शक्यतो बेरजेचं पान. पुढच्या सत्रात मुलांकडून त्या बेरजा पडताळून घ्यायचा विचार आहे.